ट्रॉम्बेचा पत्ता कोणी सांगितला? संकेतस्थळांच्या टेहळणीचा थोडा इतिहास

गेल्या पंधरवड्यात ‘पेट’ची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरचा मेसेज आला. ‘ताई, सिनॉप्सिससाठी विषय ठरवलाय. मराठवाड्यातल्या कॉलेजांच्या वेबसाइट किती सुरक्षित आहेत ते बघायचं. एक टूल उतरवून घेतलंय, डोमेनचं नाव दिलं की सबडोमेन, सर्व्हर, ई-मेल सगळं आपोआप काढून देतं. माहिती तर पब्लिकच असते, मग परवानगी कशाला लागते?’

मी उत्तराच्या दोन ओळी टाइप केल्या आणि खोडून टाकल्या. कारण नेमकं हेच वाक्य एम.एस्सी.ला असताना मी आमच्या सरांना ऐकवलं होतं. त्याचं पुढं काय झालं ते येईलच. पण त्याआधी ही टूल्स आली कुठून, कुणी कशासाठी बनवली, हे सांगायला हवं असं वाटलं. म्हणून हा जरा लांबलेला लेख. रिसर्च मेथडॉलॉजीच्या अभ्यासक्रमात हा भाग सहसा नसतो, मुलाखतीत मात्र कुणीही विचारू शकतं.

आमचं घर मुदखेडला. मुदखेड हे जंक्शन, मनमाड–सिकंदराबाद मार्गावरून आदिलाबादचा फाटा इथंच फुटतो. प्लॅटफॉर्मवर रोज बसणाऱ्या माणसाला कुठली गाडी कधी येते, कुठली हमखास उशिरा येते, मालगाडी कुठल्या रुळावर थांबवून ठेवतात, फुलांच्या टोपल्या कुठं आणून रचतात, हे सगळं पाठ असतं. त्यानं कुणाला काही विचारलेलं नसतं, कुठलं कुलूप उघडलेलं नसतं. आता समजा, हाच माणूस वही घेऊन बसायला लागला. एकेक नोंद निरुपद्रवी आहे. पण सहा महिन्यांनी भरलेली ती वही तेवढीच निरुपद्रवी राहते का? संकेतस्थळांच्या बाबतीत ही वही भरण्याच्या कामाला इंग्रजीतला लष्करी शब्द लागू झाला, रेकॉनेसन्स. पोरं नुसतं ‘रेकॉन’ म्हणतात. आपल्याकडं टेहळणी हा चांगला जुना शब्द आहे. हेरगिरीसाठी वेष पालटून आत शिरावं लागतं, टेहळणी बाहेर उभं राहून होते. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

महाराष्ट्रात या विषयाची सुरुवात कुठून धरायची, तर मी ट्रॉम्बेपासून धरते.

१९९८ च्या मे महिन्यात, ११ आणि १३ तारखेला, पोखरणला अणुचाचण्या झाल्या. महिनाही उलटला नव्हता, तोच जूनच्या सुरुवातीला मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, म्हणजे बार्कच्या, संकेतस्थळावर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र आणि चाचण्यांचा निषेध करणारा मजकूर झळकला. काम ‘मिलवर्म’ नावाच्या गटाचं. गटातली पोरं सोळा-सतरा-अठरा वर्षांची, इंग्लंड, अमेरिका, नेदरलँड्स, न्यूझीलंड अशा देशांत विखुरलेली. केंद्रातले ई-मेल त्यांनी उतरवून घेतले होते. येताना थेट आले नाहीत, नासा आणि अमेरिकी लष्कराच्या संगणकांवरून उड्या मारत आले. अधिकाऱ्यांनी आधी प्रकरण किरकोळ असल्याचं सांगितलं. नंतर सेंडमेल या टपाल पोहोचवणाऱ्या प्रोग्राममधल्या एका माहितीतल्या फटीकडं बोट दाखवलं. महत्त्वाचं काम या जोडणीवर नसतंच, असंही स्पष्टीकरण आलं.

वर्गात हा किस्सा सांगितला जातो तेव्हा सगळ्यांना ढगाचं चित्र आठवतं. मला त्यात दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. ‘फोर्ब्स’ने त्याच वर्षी या पोरांशी बोलून जे वार्तांकन केलं, त्यात सुरुवात कशी झाली ते आहे. अमेरिकेतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलानं चाचण्यांची बातमी पाहिली, इन्फोसीक या तेव्हाच्या शोधयंत्रावर गेला, आणि भारताच्या डोमेनची ‘डॉट इन’ ही अक्षरं आणि ‘अॅटॉमिक’ हा शब्द एवढंच टाकलं. बार्कचं पान समोर आलं. ट्रॉम्बे नकाशावर कुठं आहे हे त्याला माहीत असण्याची गरजच नव्हती. पुढं पासवर्ड फोडणारा प्रोग्राम आला, फटी आल्या, इतर मंडळी आली. पण पत्ता मिळायला लागले ते दोन शब्द. आणि तो पत्ता कुणी चोरून दिलेला नव्हता, आपणच लावून ठेवला होता.

‘डॉट इन’ची गोष्टही मुंबईचीच आहे. देशातली विद्यापीठं आणि संशोधन संस्था जोडणारं ईआरनेट १९८६ मध्ये सुरू झालं. जुहूची एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, त्यातली एक मुख्य संस्था. डॉ. एस. रमणी तिचे प्रमुख. मे १९८९ मध्ये ‘डॉट इन’ हे भारताचं डोमेन नोंदलं गेलं आणि पुढं पंधरा वर्षं त्याची नोंदवही एनसीएसटीनं सांभाळली. संस्था नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाली, आणि २००५ पासून ही नोंदणी निक्सीकडं गेली. तोपर्यंत डॉट इन हे फार निवडक लोकांचं डोमेन होतं, म्हणजे ज्याच्या नावामागं ते दिसे तो बहुधा सरकारी, संशोधनातला, किंवा नोंद असलेल्या कंपनीचा. बाहेरून बघणाऱ्याचं अर्धं काम त्या दोन अक्षरांनीच व्हायचं.

नोंदवही म्हटलं की ती वाचायची सोयही आली. ती सोय म्हणजे ‘हू-इज’. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांच्या गटाकडं अर्पानेटवरच्या माणसांची आणि यंत्रांची यादी ठेवायचं काम होतं. आधी ती छापील डिरेक्टरी होती. १९८२ मध्ये हू-इजची लेखी पद्धत ठरली: नाव टाका, आणि त्यामागचा माणूस, त्याची संस्था, पत्ता, फोन मिळवा. हेतू अगदी साधा. एखादं यंत्र बिघडलं, वेडंवाकडं काही पाठवायला लागलं, तर फोन कुणाला करायचा? त्याच्याही आधी ‘फिंगर’ नावाचा प्रोग्राम होता. समोरच्या संगणकावर आत्ता कोण बसलंय, तो शेवटी कधी आला होता, हे तो सांगायचा. सहकारी जागेवर आहे का, एवढं बघायला तो बनवला होता.

इतिहासाच्या पुस्तकात मराठ्यांचे जासूद आपण वाचले आहेत. जासूद म्हणजे पत्रं पोहोचवणारा, आणि जासूद म्हणजे बातमी काढणाराही. शब्द एक, माणूस एक, काम दोन. त्याला वाट ठाऊक असायची, म्हणून तो टपालवाला. आणि वाटेवरचं दिसायचं, म्हणून बातमीदार. हू-इज, फिंगर ही टूल्स मला या जासुदासारखीच वाटतात. कुणी वाईट हेतूनं ती केली नाहीत, पण वाट आणि बातमी वेगळी काढताच येत नाही.

हे लोकांच्या लक्षात आलं २ नोव्हेंबर १९८८ ला. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं सोडलेला किडा, मॉरिस वर्म, तेव्हाच्या इंटरनेटवरच्या हजारो यंत्रांत एका रात्रीत शिरला. शिरायच्या वाटांपैकी एक होती फिंगरच्या सेवेतली चूक, दुसरी सेंडमेलमधली. (मॉरिस तेव्हा डॉक्टरेटच्याच मार्गावर होता. गाइडला न विचारता ‘प्रयोग’ करण्याचं याहून महागडं उदाहरण मला माहीत नाही.) फिंगर पुढं बहुतेक ठिकाणी बंद केलं गेलं. सेंडमेल राहिलं, कारण टपाल तर हवंच. दहा वर्षांनी बार्कच्या वेळी पुन्हा त्याचंच नाव आलं. फट वेगळी असेल, पण प्रोग्राम तोच. लोक नवी आवृत्ती घालत नाहीत, हा काही आजचा रोग नाही.

याच काळात डीएनएस आलं, १९८३ मध्ये. नावावरून यंत्राचा आकडेरी पत्ता शोधून देणारी ही व्यवस्था. यात एक सोय होती, झोन ट्रान्स्फर. मुख्य सर्व्हरवरची सगळी यादी राखीव सर्व्हरनं एका दमात उतरवून घ्यायची. अडचण अशी की पुष्कळ ठिकाणी ही यादी राखीव सर्व्हरच मागतोय की कुणीही, हे तपासलंच जात नसे. तलाठ्याकडं एका गट नंबरचा सातबारा मागायला जावं आणि त्यानं अख्ख्या गावाचं दप्तर हातात ठेवावं, तसं. कुठलं यंत्र पगाराचं, कुठलं परीक्षेचं, कुठलं नुसतं चाचणीसाठी ठेवलेलं, नावावरूनच कळायचं. लोक यंत्रांना नावंही अशी देतात की विचारू नका.

इथपर्यंत प्रत्येक प्रश्न हातानं विचारावा लागे. पुढची पायरी म्हणजे विचारायचं कामही यंत्रावर सोपवणं.

डॅन फार्मर आणि व्हीत्झे व्हेनेमा या दोघांनी १९९३ मध्ये एक निबंध लिहिला. म्हणणं असं, की आपलं घर सुरक्षित आहे का हे कळायला एकदा चोराच्या नजरेनं बाहेरून बघा. एप्रिल १९९५ मध्ये त्यांनी त्याचं टूलच फुकट वाटलं. नाव ठेवलं ‘सेटन’, म्हणजे सैतान. गवगवा एवढा झाला की फार्मरची नोकरी गेली. ज्यांना नाव खुपतं त्यांच्यासाठी सोबत ‘रिपेंट’, म्हणजे पश्चात्ताप, नावाचा छोटा प्रोग्राम दिला होता. तो चालवला की अक्षरांची जागा बदलून ‘सॅंटा’ व्हायचं! योगायोग बघा, त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलनं आपल्याकडं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे आपण घर बांधायला घेतलं, तेव्हा बाहेरून दारं मोजणारं यंत्र तयारच होतं.

फार्मरनं १९९६ च्या अखेरीला आणखी एक गोष्ट केली, आणि संशोधनाच्या विद्यार्थ्यांनी ती नीट समजून घ्यावी. बँका, वृत्तपत्रं, सरकारी खाती अशा साधारण २,२०० यंत्रांची त्यानं बाहेरून तपासणी केली. आत शिरला नाही, पण परवानगीही घेतली नाही. नामांकित साइटपैकी साठ टक्क्यांहून जास्त फोडता येण्याजोग्या निघाल्या. दारावर कुणी तरी हात लावून गेलं, हे कळून त्याला विचारणा करणाऱ्या साइट अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. निष्कर्ष महत्त्वाचा होता यात वाद नाही. पण आज हाच अभ्यास असाच्या असा एखाद्या विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीसमोर ठेवला, तर मला नाही वाटत तो सुटेल. मला स्वतःला तो अभ्यास एकाच वेळी आवडतो आणि खटकतो.

सप्टेंबर १९९७ मध्ये ‘फ्रॅक’ या मासिकाच्या ५१ व्या अंकात ‘फ्योदोर’ या टोपणनावानं गॉर्डन लायननं एनमॅपचा कोड छापला. हे टूल तुमच्यापैकी बहुतेकांनी प्रॅक्टिकलला चालवलं असेल. एका यंत्राला हजारो पोर्ट असतात. कुठलं उघडं, कुठलं बंद, उघड्यामागं कुठली सेवा, त्यामागं कुठली ऑपरेटिंग सिस्टिम, हे सगळं एनमॅप दारं वाजवून, प्रतिसादाच्या लकबीवरून ओळखतं. ‘मॅट्रिक्स रीलोडेड’मध्ये नायिका वीजकेंद्रात शिरताना हेच वापरते, म्हणून ते पोरांत आणखी प्रसिद्ध झालं. वाजवून हा शब्द मी मुद्दाम वापरला. प्लॅटफॉर्मवर बसून गाड्या मोजणं वेगळं, आणि उभ्या गाडीच्या प्रत्येक डब्याचं हँडल हलवून बघत जाणं वेगळं. पुस्तकात याला पॅसिव्ह आणि ॲक्टिव्ह म्हणतात. परीक्षेत दोन मार्कांना विचारलेला हा फरक मी पाठ केला होता. तो कळला मात्र नंतर.

तर आता माझी गोष्ट.

चौथ्या सत्राचा आमचा प्रोजेक्ट लांबून जूनमध्ये गेला होता. विषय हाच, संकेतस्थळाची बाहेरून तपासणी. सर म्हणाले, आपल्याच कॉलेजची साइट घ्या, मी परवानगी देतो. मी म्हटलं, ‘सर, माहिती तर पब्लिकच असते, परवानगी कशाला?’ सर हसले, तरी एका कागदावर सही करून दिली. मी रात्री अकराला होस्टेलवरून एनमॅप सगळ्यात वेगवान गतीवर लावलं, जोडीला लपलेली पानं अंदाजानं शोधणारं दुसरं एक टूल. निकाल भराभर येत होते, भारी वाटत होतं. एकच्या सुमाराला झोपले.

सकाळी साइट बंद. कॉलेजची साइट कॉलेजच्या यंत्रावर नव्हतीच. ती एका खासगी होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर होती, आणि त्याच सर्व्हरवर इतर कितीतरी लोकांच्या साइट होत्या. कंपनीच्या यंत्रणेनं माझा मारा हल्ला समजून आमचं खातं थांबवलं होतं. आणि त्या दिवशी पहिल्या वर्षाच्या प्रवेशाची यादी साइटवर लागायची होती. दहा वाजेपर्यंत फाटकापाशी भोकर, उमरी, किनवट कुठून कुठून आलेली पोरं आणि त्यांचे पालक. गावात मोबाइलवर यादी दिसेना म्हणून एसटीनं आलेले. एका मुलीच्या वडिलांनी मलाच विचारलं, ‘मॅडम, साइट बंद म्हणजे आमचं नाव नाही का यादीत?’ मी म्हटलं, नाही काका, तांत्रिक अडचण आहे. ते बरं म्हणाले आणि चिंचेखाली जाऊन बसले. यादी कागदावर छापून भिंतीला लागेपर्यंत दुपारचे तीन वाजले. सरांनी कंपनीला पत्र लिहिलं, साइट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू झाली. सर मला रागावले नाहीत. त्या कागदावरची स्वतःची सही दाखवून एवढंच म्हणाले, ‘ही माझी नव्हती द्यायची.’

म्हणजे परवानगी होती, पण ज्याच्या यंत्रावर मी हात टाकला त्याची नव्हती. आणि ‘माहिती पब्लिक आहे’ हे माझं वाक्य निम्मंच खरं होतं. पोर्ट उघडं आहे ही माहिती कुठं लिहून ठेवलेली नव्हती, ती मी समोरच्या यंत्राला कामाला लावून काढत होते.

यानंतर मी या विषयावर बरंच वाचलं. त्यातले दोन प्रकल्प शेजारी शेजारी ठेवून वाचा असं मी नेहमी सांगते, कारण दोघांनी जवळजवळ एकच काम केलं. पहिला, ‘इंटरनेट सेन्सस २०१२’. एका अनामिक माणसानं अख्ख्या इंटरनेटची जनगणना करायची ठरवली. त्यासाठी लागणारी यंत्रं त्यानं विकत घेतली नाहीत. घराघरांतले राउटर वगैरे, ज्यांचा पासवर्ड कंपनीतून आला तसाच ठेवला होता, अशा जवळपास ४,२०,००० उपकरणांत आपला प्रोग्राम घालून त्यांच्याकडून मोजून घेतलं. माहिती सगळ्यांसाठी खुली केली. नकाशे फार देखणे होते. पण ती माहिती आपल्या पेपरात वापरायची की नाही, यावर संशोधक अजून वाद घालतात. दुसरा, मिशिगन विद्यापीठातला झीमॅप. झाकिर दुरुमेरिक, एरिक वुस्ट्रो आणि ॲलेक्स हॉल्डरमन यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की एक साधा संगणक आणि एक गिगाबिटची जोडणी असली, तर सगळ्या आयपीव्ही-४ पत्त्यांवरचं एक पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासून होतं. सगळे म्हणजे खरोखर सगळे, जगातले.

झीमॅपचा वेग सगळे सांगतात. त्या पेपरातला चांगल्या वागणुकीचा छोटा भाग कुणी सांगत नाही, आणि मला तोच जास्त उपयोगी पडला. पत्ते क्रमानं न घेता विखरून घ्या, म्हणजे एकाच नेटवर्कवर भार पडणार नाही. ज्या यंत्रावरून तपासताय त्याच्यावरच एक पान ठेवा: आम्ही कोण, काय मोजतोय, नको असेल तर कुणाला कळवायचं. आणि कुणी नको म्हटलं तर त्याला कायमचं वगळा, वाद घालू नका. आपल्या विद्यापीठाच्या नेटवर्कवाल्यांशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे तक्रार आली तर ते गांगरणार नाहीत. यातलं एकही काम कठीण नाही. त्या जूनमध्ये यातलं एकही मी केलेलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग दारं वाजवायचीच नाहीत, नुसतं बसून बघायचं. त्याचाही इतिहास बघा, तोही तितका सोपा नाही.

१९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांच्या पुढाकारानं ‘रोबोट्स’ फाइलची प्रथा पडली. शोधयंत्रांच्या फिरत्या प्रोग्रामांना सांगायचं, बाबांनो, या या पानांवर येऊ नका. ही विनंती असते, कुलूप नसतं. पण लोकांनी त्यातच ॲडमिनच्या पानाचा, बॅकअपच्या फोल्डरचा पत्ता लिहायला सुरुवात केली. म्हणजे ‘इथं बघू नका’ असं लिहिलेली पाटी नेमकी तिथंच लावली. पुढं २००० नंतरच्या दशकात जॉनी लाँग यांनी शोधयंत्राला कसं विचारलं की चुकून उघड्या राहिलेल्या फायली मिळतात, याचे नमुने गोळा करून ठेवले. बार्कच्या वेळचे ते दोन शब्द, त्याचंच हे वाढवलेलं शास्त्र. २००९ मध्ये जॉन मॅथर्ली यांचं शोडान आलं. ते पानं शोधत नाही, जोडलेली यंत्रं शोधतं: कॅमेरे, राउटर, कारखान्यातली नियंत्रक यंत्रं. दारं तेच वाजवून ठेवतात, तुम्ही फक्त त्यांची वही वाचता. आता तुमची टेहळणी पॅसिव्ह की ॲक्टिव्ह? तांत्रिक उत्तर पॅसिव्ह. मला ते उत्तर पूर्ण पटत नाही, पण प्रबंधात मी तेच लिहिलंय.

माझ्या स्वतःच्या कामाचा स्रोत मात्र वेगळा आहे. २०११ मध्ये डिजिनोटार या डच कंपनीत शिरून कुणीतरी गूगलसकट अनेकांच्या नावानं खोटी प्रमाणपत्रं काढली. ब्राउझरमध्ये कुलूप दिसतं, त्यामागची ही प्रमाणपत्रं. कंपनी त्यात बुडाली. पुन्हा असं होऊ नये म्हणून ठरलं, की दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र सगळ्यांना बघता येईल अशा नोंदवहीत लिहायचं. २०१३ मध्ये त्याचा मसुदा आला, आणि ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांसाठी क्रोमनं ते सक्तीचं केलं. सुरक्षेसाठी केलेलं हे खरोखर चांगलं काम. पण प्रमाणपत्रावर सबडोमेनचं नाव असतं. कॉलेजमधला कुणी ‘टेस्ट’ किंवा ‘जुनं-ॲडमिशन’ अशा नावानं कोपऱ्यात काहीतरी चालू करतो, फुकटचं प्रमाणपत्र घेतो, आणि थोड्याच वेळात ते नाव जगाच्या वहीत जातं. त्याला वाटतं, हा पत्ता मी कुणाला सांगितलाच नाही. आजची सबडोमेन शोधणारी बहुतेक टूल्स आधी हीच वही उघडतात. संकेतस्थळाच्या दाराला त्यांचा हातही लागत नाही.

कायद्याचं थोडक्यात, कारण मी वकील नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश, माहिती उतरवून घेणं, सेवा बंद पाडणं याबद्दल आहे. हेच अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या यंत्रणांना कलम ७० लागतं, तिथं दहा वर्षांपर्यंत. पोर्ट तपासणं हा शब्द कलम ४३ मध्ये कुठं सापडणार नाही, म्हणून पोरं निश्चिंत असतात. पण सर्ट-इननं २८ एप्रिल २०२२ ला जे निर्देश काढले, त्यांत सहा तासांच्या आत कळवायच्या घटनांची यादी आहे. त्या यादीत पहिली नोंदच महत्त्वाच्या नेटवर्कची लक्ष्य ठरवून केलेली तपासणी, म्हणजे स्कॅनिंग आणि प्रोबिंग, ही आहे. तुमच्या दृष्टीनं तो प्रॅक्टिकलचा तिसरा प्रयोग असेल. समोरच्या ऑफिसात मात्र कुणीतरी घड्याळ लावून अहवाल लिहायला बसलेलं असतं.

तर त्या ज्युनियरला मी शेवटी काय लिहिलं. विषय चांगला आहे, सोडू नकोस. सुरुवात प्रमाणपत्रांच्या नोंदवहीपासून कर, त्यानं कुणाच्या सर्व्हरवर भार येत नाही, आणि मराठवाड्यातल्या कॉलेजांपुरतं बघितलं तरी सहा महिने पुरेल एवढं सापडेल. त्यातून काढलेले ई-मेल आणि फोन नंबर तुझ्या सारणीत ठेवू नकोस. आकडा ठेव, माणूस काढून टाक. दारं वाजवायचीच असतील तर आधी साइट कुणाच्या यंत्रावर आहे ते हू-इजनं बघ, आणि पत्र कॉलेज आणि होस्टिंगवाले दोघांनाही लिही. प्रवेशाचे आणि निकालाचे महिने सोड. काही उघडं सापडलंच तर आत जाऊ नकोस. कॉलेजला कळव, त्यांनी दाद दिली नाही तर सर्ट-इनला कळव, आणि दुरुस्त झाल्याशिवाय नाव छापू नकोस.

त्याचं उत्तर आलं: ‘ताई, एवढी पत्रं लिहीपर्यंत पेट निघून जाईल.’

माझ्या यादीतल्या कॉलेजांना मी पत्रं पाठवली, तेव्हा निम्म्याहून जास्त ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. उत्तर नाही म्हणजे नाही, असं गाइड मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती कॉलेजं माझ्या तिसऱ्या प्रकरणात नाहीत. नमुना लहान झाला, व्हायव्हाला त्यावर प्रश्न येणार हे मला माहीत आहे. तयारी चालू आहे.